हार्टरची रेगिना आणि लोथारचा पट

एर्विन हार्टरच्या मते माणसाचं शरीर कुस्तीपुरतं कमरेपाशी संपायचं. त्याखाली जे काही असेल ते उभं राहायला आणि सकाळी लाकडाच्या गिरणीत चालत जायला. तो ग्रीको-रोमन कुस्तीचा, म्हणजे ग्रीको पैलवान होता, त्याचा बापही ग्रीको पैलवान होता, आणि ग्रीकोत पायांना हात लावायचा नाही. छातीला छाती भिडवायची, कव घालायची आणि समोरच्याला उचलून मागे टाकायचं. जर्मनीतल्या त्यांच्या आल्बरबाख गावच्या तालमीत फ्रीस्टाइलवालेही होते, कारण संघात निम्मे ते लागतातच. पण एर्विन त्यांच्याकडे लांबच्या पाहुण्यांकडे बघावं तसं बघायचा. "पाय धरायची एवढी हौस असेल तर बुटांच्या दुकानात नोकरी धरा," म्हणायचा.

अशा माणसाला मुलगा झाला नाही. एकच मुलगी झाली, रेगिना.

रेगिना सहा वर्षांची असताना तिची आई गेर्डा बेकरीत कामाला लागली. शुक्रवारी दुपारी तिची पाळी असायची, आणि नेमका शुक्रवारी दुपारीच एर्विन तालमीत पोरांना शिकवायचा. पोरीला ठेवणार कुठे? त्याने तिला सोबत नेलं, भिंतीकडेच्या बाकावर बसवलं आणि हातात एक सफरचंद दिलं. पहिल्या शुक्रवारी ती गुपचूप बसली. दुसऱ्या शुक्रवारी सफरचंद संपल्यावर ती उठली, गादीवर गेली आणि सगळ्यात जवळ जो पोरगा उभा होता त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून उचलला. पोरगा धाडदिशी पडला.

"पाय नाही!" एर्विन ओरडला. "वर धर, वर!"

"पाय जवळ होता ना, बाबा," रेगिना म्हणाली.

हे वाक्य गावात पुढे कित्येक वर्षं चाललं. कुणी शेजाऱ्याच्या झाडाची नासपती तोडली तरी म्हणायचा, जवळ होती ना, बाबा.

मग ती तालमीचीच झाली. चौदा वर्षांची होईपर्यंत ती पोरांशीच कुस्ती करायची, तसा नियमच होता. घरी एर्विन तिच्याकडून ग्रीकोचे डाव घोटून घ्यायचा. ताठ उभं राहायचं, छाती पुढे, हात आत. तिला ते जमायचंही. हरलेल्या पोरांच्या आया तिच्याकडे जरा तिरक्या नजरेनेच बघायच्या, पण रेगिनाला त्याचं काही वाटायचं नाही. कुणाचं तरी वजन आपल्या अंगावर येतंय आणि ते कुठल्या बाजूला कलणार हे आपल्याला एक क्षण आधी कळतंय, एवढ्याच गोष्टीसाठी ती आठवडाभर शुक्रवारची वाट बघायची.

चौदा पूर्ण झाली आणि कुस्ती संघटनेचं पत्र आलं. यापुढे मुलींनी मुलींशीच लढायचं, आणि महिलांची कुस्ती फक्त फ्रीस्टाइल.

एर्विनने ते पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तीनदा वाचलं.

"बायकांना ग्रीको नाही?"

"नाही, बाबा."

"इकडे नसेल. दुसऱ्या देशात असेल."

"जगात कुठेच नाही."

"कुठेच?"

गेर्डा बटाटे सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बघ, देवाला सगळ्या जगात मुलगी द्यायला नेमकं तुझंच घर सापडलं."

त्या वसंतात मुलींची राष्ट्रीय स्पर्धा होती. पाच तास गाडी चालवून बापलेक तिथे पोचले. रेगिना वडिलांनी शिकवल्यासारखी ताठ उभी राहिली, छाती पुढे, हात आत. र्‍हाइनकाठची एक बुटकी मुलगी समोर आली, वाकली, आणि पुढच्याच क्षणी रेगिनाला छताचे दिवे दिसत होते. दुहेरी पट, दोन्ही पाय एकदम ओढायचा डाव. चाळीस सेकंदांत चितपट. दुसरी कुस्ती जरा लांबली, सव्वा मिनिट चालली.

परतताना दोघं लिव्हरवुर्स्ट, म्हणजे कलेजीचं सॉसेज, लावलेले पाव खात होते.

"ती वाकली कधी ते मला दिसलंच नाही," शेवटी एर्विन म्हणाला.

"मलाही नाही."

आणखी वीसेक किलोमीटर गेले. मग एर्विन रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "लोथारकडे जावं लागेल."

रेगिनाचा घास तोंडातच राहिला. हे नाव त्यांच्या घरात घेतलं जात नसे.

लोथार किमिग हा डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या श्वाइगडोर्फचा फ्रीस्टाइलचा वस्ताद. पण मूळचा तो आल्बरबाखचा, एर्विनच्या वर्गातला, त्याच्याच संघातला, आणि त्याचा जिवलग मित्र. श्वाइगडोर्फच्या मुलीशी लग्न करून तो सासरी राहायला गेला, इथवर ठीक होतं. पण बायकोबरोबर त्याने संघही बदलला. आणि त्याच वर्षी दोन गावांच्या सामन्यात शेवटच्या कुस्तीत त्याने आल्बरबाखच्या गड्याला असा काही एकेरी पट काढून फिरवला की आल्बरबाखचं वरच्या गटात जाणं एका गुणाने हुकलं. त्या शनिवारपासून अकरा वर्षं एर्विन त्याच्याशी बोलला नव्हता. बाजारात लोथार दिसला की तो रस्त्याची बाजू बदलायचा.

रविवारी चर्चहून आल्यावर एर्विनने सूट उतरवला नाही. गेर्डाने केलेला आलुबुखाऱ्याचा केक रेगिनाच्या हातात दिला, आणि दोघं डोंगरावरून चालत निघाले. गाडीने का नाही, असं रेगिनाने विचारल्यावर तो म्हणाला, "चालताना विचार बदलता येतो." पण त्याने बदलला नाही.

लोथार अंगणात कुंपणाच्या फळ्या ठोकत होता. भलामोठा माणूस, कान कुस्तीत चुरगळलेले, तोंडात दोन खिळे.

"नमस्कार, किमिग," एर्विन म्हणाला. "तुम्हाला थोडा वेळ आहे का?"

लोथारने खिळे तोंडातून काढले आणि मागे वळून पाहिलं. "तुम्हाला? माझ्यामागे पाद्रीबाबा उभे आहेत की काय? चौथीत माझ्या वहीतून गणितं उतरवायचास तेव्हा नाही रे मला कधी तुम्ही म्हणालास!"

"अकरा वर्षं झाली. आता काय म्हणायचं ते मला माहीत नाही."

"तू म्हण."

"बरं. तू."

"आणि पोरीच्या हातात काय आहे?"

"केक," रेगिना म्हणाली. "आईने दिलाय."

"गेर्डाने?" लोथारने हात पँटला पुसले. "मग तू आत ये. तुझा बाप बाहेर उभा राहिला तरी चालेल."

बाप आत आला. केकचे दोन तुकडे संपेपर्यंत तो हवेबद्दल बोलला, गिरणीबद्दल बोलला, शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाला, "हिला पट शिकव."

"काय? नीट ऐकू नाही आलं."

"पट."

"हेल्गा!" लोथारने आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला हाक मारली. "लवकर ये! हार्टर काहीतरी म्हणतोय, तूही ऐक. आयुष्यात परत ऐकायला मिळायचं नाही."

एर्विन उठून निघालाच असता. पण रेगिनाने टेबलाखालून त्याचा गुडघा दाबून धरला होता.

हसून झाल्यावर लोथार एकदम कामाचं बोलायला लागला. "शिकवीन. पण ही सराव करणार कुणाबरोबर? हिच्या वजनाची मुलगी पन्नास किलोमीटरांत नाही. पोरं आता लाजतात. उरला कोण?" त्याने एर्विनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एर्विन अंगाने किरकोळ, बासष्ट किलोचा. "तूच."

"मी ग्रीकोवाला आहे."

"होतास," लोथार म्हणाला.

सराव लोथारच्या गोठ्यावरच्या माळ्यावर सुरू झाला. श्वाइगडोर्फच्या तालमीत आल्बरबाखच्या माणसाला घेतलं नसतं, आणि आल्बरबाखच्या तालमीत लोथारला दारातूनच परतवलं असतं. माळ्यावर गवताच्या शेजारी दोन जुन्या गाद्या पसरलेल्या. खाली गाई असल्यामुळे हिवाळ्यातही वर ऊब यायची. वास मात्र अंगाला चिकटायचा, इतका की वर्गातल्या मैत्रिणी रेगिनाला सोमवारी विचारायच्या, काल दूध किती निघालं?

दोन्ही हार्टरांना वाकता येत नव्हतं. लोथारने माळ्याच्या दोन खांबांना छातीच्या उंचीवर दोरी बांधली. ताठ उभं राहिलं की दोरी छातीला लागायची. दोन महिने बापलेक त्या दोरीखालून एकमेकांना गोल फिरत होते, आणि लोथार गवताच्या भाऱ्यावर बसून बोलत होता.

"एर्विन, तू चर्चमध्ये बसतोस तरी कसा? गुडघे वाकतात का तिथे?"

"तोंड बंद ठेव आणि शिकव."

"दोन्ही एकदम कसं करू?"

गावात बातमी लपून राहिली नाही. खानावळीत शनिवारी एर्विन आत आला की कुणीतरी पाय पुढे करायचं. "काय एर्विन, मापाचे बूट आहेत का आमच्या?" एर्विन मुकाट्याने बिअर प्यायचा. त्याला दुसरंच वेड लागलं होतं, आणि ते गेर्डाला आधी कळलं. एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर हा शेगडीसमोर वाकून उभा, आणि मग एकदम गुडघा टाकून हवेतच कुणाचा तरी पाय ओढला.

"शेगडी पडली का?" गेर्डाने विचारलं.

"अजून अर्धा सेकंद उशीर होतोय," तो गंभीरपणे म्हणाला.

पण स्वतःच्या पायाला कुणाचा हात लागणं मात्र त्याला शेवटपर्यंत सहन झालं नाही. शेहेचाळीस वर्षांचं वळण ते. रेगिनाने पटाला झेप घेतली की तो पाय असे मागे फेकायचा आणि सगळं अंग तिच्या मानेवर असं टाकायचा, की एखाद्याने शिवी दिल्यावर यावी तशी चीड त्यात असायची. या माणसाचा पाय हाती लागायचा तर वीज पडल्यासारखं जावं लागे. आणि तोच बचाव बघून बघून रेगिनाच्याही अंगात भिनला. पाय म्हणजे घरची अब्रू, परक्याच्या हाती द्यायचे नाहीत.

तीन वर्षांनी, सतराव्या वर्षी, ती मुलींमध्ये जर्मनीत पहिली आली. उपांत्य फेरीत तीच र्‍हाइनकाठची बुटकी मुलगी होती. ती पाच वेळा पटाला आली आणि पाचही वेळा तोंडावर पडली. सहाव्यांदा रेगिना वाकली.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. रेगिना सुतारकाम शिकली. खिडक्या-दरवाजे करणाऱ्या एका म्हाताऱ्या मालकाकडे राहिली, तो तिला स्पर्धांसाठी रजा द्यायचा आणि बदल्यात पदक दुकानात आठवडाभर मांडून ठेवायचा. राष्ट्रीय संघात ती आठ वर्षं होती. सहा वेळा राष्ट्रीय विजेती. जागतिक स्पर्धेत एकदा पाचवी, एकदा आठवी, एकदा पहिल्याच फेरीत घरी. जपानच्या मुलींसमोर तिने दोनदा मार खाल्ला, आणि परत येऊन माळ्यावर सांगितलं, "लोथारकाका, तिथे बाबांसारख्या चाळीसजणी आहेत." याहून मोठी स्तुती एर्विनने कधी ऐकली नव्हती.

तिचं वजन एकोणसाठ. जरा मोजूनमापून खाल्लं की ना उपाशी राहावं लागायचं, ना पोट फुगवावं लागायचं. आणि मग २००४च्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा महिलांची कुस्ती घ्यायचं ठरलं, पण फक्त चार वजनांत. पंचावन्न होतं, त्रेसष्ट होतं. एकोणसाठ नव्हतं.

"पंचावन्न कर," संघाच्या प्रशिक्षकाने सुचवलं.

"पंचावन्न किलोची मी शेवटची होते तेव्हा शाळेत होते," रेगिना म्हणाली. तिने त्रेसष्टला जायचं ठरवलं.

गेर्डाला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता. वीस वर्षं पोरीच्या ताटातून काढून घेतलेलं सगळं आता तिने परत वाढायला घेतलं: डुकराचा खांदा, शेवया, लोणी, केक. रेगिना चार किलो वाढली. निवड चाचणी आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात झाली. समोर सिमोने होती, तिचीच मैत्रीण, शिबिरांत एका खोलीत राहणारी, जन्मापासून त्रेसष्टची. सहा मिनिटं दोघी एकमेकींना रेटत राहिल्या आणि शेवटी सिमोनेचा एक गुण जास्त होता.

रेगिना कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, आणि थोडं आलंही. सिमोने येऊन तिच्या शेजारी बसली.

"तुला वाईट वाटतंय की काय?" रेगिनाने विचारलं.

"हो."

"मग तिथे जाऊन जिंक. आणि तुझ्या त्या डाव्या पायाकडे लक्ष दे, दोनदा माझ्या हाताला लागला होता."

ती घरी आली. लोथार डोंगर उतरून आला, आल्बरबाखात, दिवसाढवळ्या, गावदेखत. स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला, "त्रेसष्टची तू नव्हतीसच. उसन्या अंगाने लढलीस. वसंतात युरोपियन स्पर्धा आहे, तिथे एकोणसाठ आहे. चार किलो उतरव आणि स्वतःच्या अंगात परत ये."

"पुन्हा उपास?" गेर्डा कडाडली. "लोथार किमिग, माझ्या घरात केक खाऊन वर हे बोलतोस?"

युरोपियन स्पर्धा उत्तरेकडच्या एका शहरात होती. दोघं म्हातारे एकाच गाडीतून दोन दिवस प्रवास करून तिथे पोचले. पोचले तेव्हा रस्ता कुणी चुकवला यावरून त्यांचं पुन्हा बोलणं बंद झालं होतं, पण यावेळी ते अकरा तासच टिकलं.

रेगिना उपांत्य फेरीत हरली आणि कांस्यपदकाच्या कुस्तीसाठी उभी राहिली. समोर बल्गेरियाची एक मुलगी, खांदे रुंद, पटाला विजेसारखी. पहिल्या मिनिटात रेगिनाने एकेरी पट काढून तिला खाली आणलं, एक गुण. नंतर पुन्हा पट, मागे जाऊन, आणखी एक गुण. आणि मग उरलेला सगळा वेळ ती मुलगी पटाला येत राहिली. रेगिनाने मोजलं नाही, पण लोथारने मोजलं होतं: चौदा वेळा. चौदाही वेळा रेगिनाचे पाय तिथे नव्हते. बघणाऱ्यांना ती कुस्ती भयंकर रटाळ वाटली. मागच्या रांगेतला एक माणूस पेपर उघडून वाचायला लागला. समालोचक दुसऱ्या गादीबद्दल बोलत होता. आणि तिसऱ्या रांगेत दोन म्हातारे एकमेकांची बाही ओढत उभे होते, घसा बसेपर्यंत ओरडत होते.

रेगिनाला आतून फार शांत वाटत होतं. ती मुलगी खाली येते, आपण मागे जातो, वजन तिच्या मानेवर. माळ्यावरच्या हजारो संध्याकाळी तिच्या अंगात होत्या, विचार करायची गरजच नव्हती. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा तिला वाटलं, अजून दहा मिनिटं चाललं असतं तरी चाललं असतं. दोन-शून्य. कांस्य.

"माझे दोन्ही पट!" लोथार खाली येऊन म्हणाला. "दोन गुण, दोन्ही माझे!"

"आणि चौदा वेळा पाय कुणी दिले नाहीत?" एर्विन म्हणाला. "ते कुणाचं?"

"ते आईचं, म्हणजे भांडण नको," रेगिना म्हणाली. "आता मला काहीतरी खायला द्या."

पुढे आणखी चार वर्षं ती लढली. दरम्यान दोन्ही गावांत पैलवान कमी पडायला लागले आणि आल्बरबाख व श्वाइगडोर्फ यांना एकच संघ करावा लागला. नावात आधी कुठलं गाव, यावर चार बैठका झाल्या. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, श्वाइगडोर्फ आधी आलं, आणि एर्विनने महिनाभर लोथारला केक दिला नाही. मुलींचा वर्ग रेगिनाने सुरू केला. पहिल्या वर्षी अकरा मुली आल्या. दोघं म्हातारे शिकवायला उभे राहायचे आणि एकाच वेळी उलटसुलट सांगायचे. मुली वाकून उभं राहायलाही शिकल्या आणि ताठ उभं राहायलाही, आणि दोघांनाही हो हो म्हणून आपल्या मनाचं करायलाही.

एकतिसाव्या वर्षी तिने शेवटची राष्ट्रीय स्पर्धा खेळली. उपांत्य फेरीत एकोणीस वर्षांच्या एका मुलीने तिचा उजवा पाय धरलाच. चांगला धरला, वेळेवर धरला. पडता पडता रेगिनाच्या मनात आलं, वा, काय आली ही! तिसऱ्या क्रमांकाची कुस्ती तिने जिंकली, हात हलवला, आणि खाली उतरून पाणी प्यायली.

परतीच्या वाटेवर गाडी तीच चालवत होती. मागच्या सीटवर एर्विन आणि लोथार एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते. ऊन अजून होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं पसरलेली होती. एका खानावळीपाशी तिने गाडी थांबवली, दोघांना न उठवता आत गेली, खिडकीजवळ बसली. बटाट्याचं सॅलड, तळलेलं डुकराचं मांस, पाव, आणि मोठा ग्लास सफरचंदाचा रस. सगळं तिने सावकाश संपवलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पुढच्या शनिवारी वजनाला कुठे उभं राहायचं नव्हतं.

वाढणारी बाई रिकामी ताटली उचलायला आली. "आणखी काही?"

"हेच," रेगिना म्हणाली, "पुन्हा एकदा."